चार कथांचा हिशेब

१९३४ सालच्या एप्रिल महिन्याच्या अखेरीस बनारसहून दिल्लीला एक पत्र गेले. लिहिणारे होते मुन्शी प्रेमचंद. वय त्रेपन्न वर्षांचे, आणि हिंदी व उर्दू या दोन्ही भाषांत कथाकार म्हणून त्यांच्या तोडीचे नाव त्या काळी दुसरे नव्हते. ज्यांना हे पत्र लिहिले ते जैनेंद्रकुमार त्यांच्याहून जवळजवळ पंचवीस वर्षांनी लहान होते. मुंबईची एक चित्रपट कंपनी बोलावीत आहे, वर्षाला आठ हजार रुपयांचा करार करू म्हणते, तर काय करावे, असे पत्रात विचारले होते. मात्र विचारता विचारता उत्तरही त्यांनीच देऊन टाकले होते. आपली अवस्था आता अशी झाली आहे की होकाराखेरीज मार्ग नाही. एक तर तिकडे जावे, नाही तर कादंबरी बाजारात मिळेल त्या किमतीला विकावी, असा त्या मजकुराचा आशय होता.

त्यापुढे एक हिशेब होता. एक वर्ष मुंबईत काढायचे. कंपनी हजेरीचे बंधन घालीत नाही, तेव्हा स्वतःचे लेखनही चालू राहील. वर्ष सरल्यावर नवा करार असा करायचा की, बनारसलाच बसून वर्षाकाठी चार कथा लिहून पाठवाव्यात आणि चार-पाच हजार रुपये घरपोच यावेत. तेवढ्यात ‘हंस’ मासिक आणि ‘जागरण’ साप्ताहिक ही दोन्ही पत्रे सुखाने चालतील आणि पैशाची विवंचना कायमची मिटेल.

लेखक चित्रपटाकडे वळला की सरस्वती लक्ष्मीच्या दारी गेली असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. प्रेमचंदांच्या बाबतीत ती लागू करणे थोडे कठीण आहे. कारण येथे कर्ज झाले होते ते सरस्वतीलाच. १९२३ मध्ये त्यांनी बनारसला जो छापखाना काढला त्याचे नाव सरस्वती प्रेस.

पैशासाठी वाकणारा हा मनुष्य नव्हता, हे त्यांच्या मागील पंचवीस वर्षांच्या चरित्रावरून सिद्ध होते. ‘सोजे वतन’ हा त्यांचा पहिला कथासंग्रह १९०८ मध्ये निघाला, तेव्हा ते सरकारी शिक्षणखात्यात नोकर होते आणि नवाबराय या नावाने लिहीत होते. बुंदेलखंडातील हमीरपूर जिल्ह्यात असताना कलेक्टरने त्यांना बोलावून जाब विचारला, आणि पुस्तकाच्या शिल्लक प्रती जाळण्यात आल्या. प्रेमचंद हे नाव त्यानंतरचे. १९२१ मध्ये गोरखपूरला महात्मा गांधींचे भाषण ऐकल्यावर थोड्याच दिवसांत त्यांनी सरकारी नोकरीचा राजीनामा दिला. पुढे १९२४ मध्ये अलवारच्या राजाकडून बोलावणे आले. दरमहा चारशे रुपये, राहावयास बंगला आणि दिमतीला मोटार. ते त्यांनी आभार मानून नाकारले, ही हकीकत त्यांच्या पत्नी शिवरानी देवी यांच्या आठवणींतून आपल्याला कळते.

अलवारचे वर्षाचे चार हजार आठशे होत होते आणि मुंबईचे आठ हजार. ज्याने पहिले नाकारले त्याने दुसरे का स्वीकारले, याचे उत्तर रकमेच्या फरकात शोधू नये. १९२४ साली नकाराची झळ त्यांच्या घरापुरतीच होती. छापखाना नुकता निघाला होता. १९३० साली त्यांनी ‘हंस’ काढला, १९३२ मध्ये ‘जागरण’ हाती घेतले, आणि चित्र पालटले. नियतकालिक म्हटले की कागदवाल्याचे बिल आले, टपालाचा खर्च आला, जुळाऱ्यांचा पगार आला. अंक खपो वा न खपो, पुढल्या महिन्याची तारीख काही थांबत नाही. त्यात सरकारकडून जामिनाची मागणी. कादंबऱ्यांतून मिळेल ते या दोन पत्रांच्या पोटात जाऊ लागले. स्वतःच्या वतीने नकार देणे प्रेमचंदांना नेहमीच साधले होते. येथे नकार द्यायचा तर तो ‘हंस’च्या वतीने द्यावा लागणार होता, आणि ते त्यांच्याने होईना.

आता ही मागणी आली तरी कोठून, हेही पाहिले पाहिजे. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात ‘आलम आरा’ हा बोलपट लागला, आणि पुढल्याच वर्षी कोल्हापूरच्या प्रभात कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलता केला. मूकपटांच्या जमान्यात लेखकाचे काम पडद्यावरील मजकुराच्या पाट्यांपुरते असे. बोलपटाला पानेच्या पाने संवाद लागू लागले. आरंभी ते पारशी नाटक कंपन्यांतील मुन्शींनी पुरवले. परंतु ज्या निर्मात्यांना काही निराळे करून दाखवायचे होते ते नामवंत लेखकांकडे वळू लागले. अजंता सिनेटोनचे मोहन भवनानी हे अशांपैकी एक होते. परदेशी शिक्षण घेतलेले, तंत्र जाणणारे. स्वतंत्र भारतात १९४८ साली फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाली तेव्हा तिची सूत्रे त्यांच्याकडेच आली. म्हणजे बोलावणारा कोणी नुसता सटोडिया नव्हता. प्रेमचंदांनाही चित्रपटाचा थोडा अनुभव त्या सुमारास मिळत होता. त्यांच्या ‘सेवासदन’ कादंबरीचे हक्क साडेसातशे रुपयांना गेले होते, आणि नानूभाई वकील यांनी तिचा बोलपट १९३४ मध्येच काढला. तो पाहून मूळ लेखकाला समाधान वाटले नाही.

जून १९३४ मध्ये प्रेमचंद मुंबईत आले आणि दादरला बिऱ्हाड करून राहिले. घराचे नाव सरस्वती सदन! योगायोगांना अर्थ चिकटवू नये, परंतु हा एक नोंदवून ठेवण्याजोगा खरा.

ज्या आठवड्यात त्यांनी जैनेंद्रकुमारांना पत्र लिहिले, जवळजवळ त्याच आठवड्यात मुंबईच्या कापड गिरण्यांत सार्वत्रिक संप सुरू झाला होता. वेतनात झालेली कपात हे त्याचे मुख्य कारण. रत्नागिरी, सातारा या भागांतून पोटासाठी मुंबई गाठलेले हजारो मराठी कामगार त्यात होते, आणि दादरहून परळ-लालबागचा गिरणगाव कितीसा दूर! संप जूनपर्यंत चालला. प्रेमचंदांनी भवनानींना जी कथा दिली तिचा विषय गिरणी हाच होता. गिरणीचा सज्जन मालक मरण पावतो. कारभार व्यसनी मुलाच्या, विनोदच्या, हाती जातो. तो कामगारांना छळतो, तेव्हा त्याची बहीण पद्मा कामगारांच्या बाजूने उभी राहते, संप होतो, भाऊ तुरुंगात जातो आणि गिरणी नव्या रीतीने पुन्हा सुरू होते. पद्मेची भूमिका बिब्बो यांनी केली आणि नायक झाले हैदराबादचे जयराज. स्वतः प्रेमचंदही एका लहानशा भूमिकेत पडद्यावर आले. चित्रपट ‘मिल’ आणि ‘मजदूर’ या दोन्ही नावांनी ओळखला जातो. कथा प्रेमचंदांची, पटकथा आणि दिग्दर्शन भवनानींचे.

या शेवटच्या वाक्यातच खरी मेख आहे. कादंबरीकार होरीला शेतावर पाठवतो तेव्हा त्याला कोणाची अनुमती लागत नाही. चित्रपटाची कथा मात्र लेखकाच्या हातून निघाल्यापासून अनेकांच्या हातांतून जाते. दिग्दर्शक प्रसंगांचा क्रम बदलतो. गाणी कोठे घालायची हे संगीताची बाजू पाहणारा ठरवतो. भांडवल घालणारा मागील चित्रपट का चालला हे सांगतो. अमुक शहरातील प्रेक्षकांना काय आवडते हे चित्रपटगृहाचा मालक सांगतो, आणि त्याचे म्हणणे कोणी फारसे तपासून पाहत नाही. यात कोणाची दुष्टबुद्धी असते असे नाही. दहा जणांचे पैसे आणि पन्नास जणांचे श्रम ज्या वस्तूत गुंतलेले असतात ती एकट्याची राहूच शकत नाही. प्रेमचंदांना आयुष्यभर एकट्याने लिहिण्याची सवय होती. नोव्हेंबर १९३४ मध्ये जैनेंद्रकुमारांना पाठवलेल्या पत्रात त्यांनी आपला अनुभव सांगितला आहे. निर्माते ज्या चाकोरीतून कथा नेत आले आहेत तिच्यापासून ते तसूभरही हलत नाहीत. सवंगपणालाच ते करमणुकीचे मोल समजतात. राजाराणी, प्रधानाची कारस्थाने, खोट्या लढाया यांवर त्यांचा विश्वास आहे, आणि सुशिक्षितांनीही पाहावे असे सामाजिक कथानक दिले तर ते चालेल की नाही या शंकेने ते घेरले जातात, असा त्यांच्या तक्रारीचा सारांश.

भवनानींनी गिरणीची कथा घेतली होती, हे त्यांच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. संपाच्या वर्षी संपावर चित्रपट काढणे हे भित्र्या माणसाचे काम नव्हते. परंतु त्या दोघांच्याही वर आणखी एक सहलेखक बसलेला होता, आणि तो म्हणजे सेन्सॉर. १९१८ च्या कायद्यान्वये मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा ठिकाणी चित्रपट तपासणारी मंडळे नेमलेली होती. एका मंडळाने दिलेला दाखला दुसऱ्या प्रांतात स्थगित करता येत असे. मुंबईच्या मंडळावर गिरणीमालकांचे वजन होते. गिरण्या नुकत्याच पुन्हा सुरू झालेल्या. अशा वेळी मालकाचा मुलगा तुरुंगात जातो आणि संप यशस्वी होतो, असे चित्र गिरणगावाच्या तोंडावर लावू देण्यास मंडळ तयार होईना. मुंबईत मनाई झाली. लाहोरला चित्रपट दाखवला गेला, परंतु तेथेही तो पुढे अडवला गेला. ज्या शहराची ती कथा होती त्या शहरालाच ती त्या वेळी पाहता आली नाही.

याच काळात बनारसला सरस्वती प्रेसमधील कामगारांनी संप केला. ‘मिल’मुळे स्फूर्ती मिळून हा संप झाला असे एक चटकदार विधान पुष्कळदा केले जाते. ते खरे मानण्याचे काही कारण दिसत नाही. पगार थकले होते, आणि थकलेल्या पगारासाठी कामगाराला चित्रपटातून शिकवण घ्यावी लागत नाही. मात्र या घटनेतील कडूपणा त्यामुळे कमी होत नाही. कामगारांची बाजू पडद्यावर मांडण्यासाठी ज्याला मालकांच्या शहरात यावे लागले, त्याच्याच छापखान्यात तो स्वतः मालक ठरला होता, आणि तो मुंबईला आला होता ते तोच छापखाना तगवून धरण्यासाठी.

मग एप्रिलमधला तो हिशेब चुकला काय? पैशांपुरता तो चुकला असे म्हणता येत नाही. नोव्हेंबरच्या त्याच पत्रात, कर्ज होते ते फिटेल, असा भरवसा त्यांनी व्यक्त केला आहे. हजेरीचे बंधन नसल्याची गोष्टही खोटी निघाली नाही. डिसेंबर १९३४ मध्ये दक्षिण भारत हिंदी प्रचार सभेच्या समारंभासाठी ते मद्रासला जाऊ शकले, ते त्यामुळेच. हिशेबात एकच बाब धरायची राहिली होती. वेळ मिळेल हे त्यांनी बरोबर ताडले. मिळालेल्या वेळात मन कोठे असेल, हे मात्र त्यांनी गृहीत धरले. त्यांच्या पेटीत एक कादंबरी होती. १९३२ च्या सुमारास सुरू केलेली, शेवटच्या भागापर्यंत आलेली. तिची अखेरची पाने तेवढी लिहावयाची आहेत, आणि तिकडे मन वळतच नाही, असे त्यांनी मुंबईहून कळवले. येथे आयुष्य वाया चालले आहे, जुन्या ठिकाणी धन नसले तरी समाधान आहे, असेही त्याच पत्रात आहे. ती कादंबरी म्हणजे ‘गोदान’.

चार कथा टपालाने पाठवण्याची कल्पना तर मुळातच त्या धंद्याला धरून नव्हती. हे नीट कळण्यासाठी मुंबईहून थोडे दक्षिणेला, कोल्हापूरकडे पाहावे. १९३६ साली तेथे मास्टर विनायक, बाबुराव पेंढारकर आणि छायालेखक पांडुरंग नाईक यांनी नवी कंपनी काढली. तिचे नाव हंस पिक्चर्स. प्रेमचंदांच्या मासिकाशी त्या हंसाचा काही संबंध नव्हता. तिच्या ‘छाया’ या पहिल्या चित्रपटाची कथा वि. स. खांडेकरांची. खांडेकर तेव्हा गोव्याच्या सीमेला लागून असलेल्या शिरोड्याला शाळेत शिकवीत होते. १९२० पासून तेच त्यांचे गाव झाले होते. तेही मूळचे एकट्याने लिहिणारे, तेही ध्येयवादी. परंतु येथे दिग्दर्शक लेखकाच्या जातकुळीचा होता आणि कंपनी आपल्या माणसांची होती, आणि ‘छाया’पाठोपाठ ‘ज्वाला’, ‘देवता’, ‘अमृत’ असे चित्रपट निघाले. सगळेच चालले असे नव्हे. १९३८ चा ‘ज्वाला’ सपशेल पडला आणि कंपनीला त्याचा जबर फटका बसला. तरीही लेखक व दिग्दर्शक यांची जोडी फुटली नाही. मात्र त्यासाठी शिरोडे सुटले. १९३८ मध्ये खांडेकर कोल्हापूरला राहावयास गेले. ज्यांना हे काम मानवले त्यांनाही ते टपालाने करता आले नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. आचार्य अत्रे यांनी याच कंपनीसाठी ‘धर्मवीर’, ‘प्रेमवीर’ आणि ‘ब्रह्मचारी’ लिहिले. पण त्यांची प्रकृतीच मुळी दहा माणसांत रमणारी, नाटकाच्या तालमीत वाढलेली. त्यांना एकांत सोडावा लागला असे म्हणणे हास्यास्पद होईल.

खांडेकरांनाही याची किंमत पडली की काय, हा निराळा विषय आहे. ‘क्रौंचवध’ ही कादंबरी १९४२ मध्ये आली आणि त्यानंतर दशकभर त्यांची नवी कादंबरी प्रसिद्ध झाली नाही. त्याला प्रकृती, युद्धकाळ, कौटुंबिक अडचणी अशी अनेक कारणे असू शकतील, आणि सगळा दोष चित्रपटाच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. परंतु दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवली म्हणजे एवढे दिसते की, अशा कामाला होकार देताना करारातील रक्कम आणि मुदत यांपेक्षा, दररोज सकाळी आपण कोणासमोर बसणार आहोत, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा असतो. प्रेमचंदांच्या एप्रिलच्या पत्रात रक्कम आहे, मुदत आहे, पुढील कराराची कलमेसुद्धा आहेत. ज्यांच्याबरोबर बसून लिहायचे त्यांच्याविषयी फारसे काही नाही.

दुसरा निर्णय त्यांनी पहिल्यापेक्षा कमी शब्दांत घेतला. करारातील वर्ष पुरते सरण्याची वाट न पाहता एप्रिल १९३५ मध्ये त्यांनी मुंबई सोडली. ‘जागरण’ तोवर राहिले नव्हते. ‘हंस’ होता. ऑक्टोबर १९३५ पासून तो भारतीय साहित्य परिषदेचे मुखपत्र म्हणून निघू लागला. कन्हैयालाल मुन्शी संपादनात सहभागी झाले आणि मराठीसह इतर भारतीय भाषांतील साहित्य त्यात हिंदीत येऊ लागले. ज्या बेळगावकडच्या काका कालेलकरांना मराठी वाचक आपले म्हणतात, त्यांचा या परिषदेच्या कामात मोठा हात होता. १९३६ मध्ये सरकारने पुन्हा जामीन मागितला. परिषद मासिक बंद करावयास निघाली. प्रेमचंद त्या वेळी अंथरुणाला खिळलेले होते. त्यांनी जामीन भरला आणि ‘हंस’ परत आपल्याकडे घेतला.

लेखणीचे म्हणाल तर परतल्यावर ती अडली नाही. डिसेंबर १९३५ मध्ये ‘जामिया’ या उर्दू मासिकात त्यांची ‘कफन’ ही कथा आली. बायको प्रसूतिवेदनांनी तळमळत असता बाहेर बटाटे भाजून खाणाऱ्या बापलेकांची ती गोष्ट कोणत्याही निर्मात्याने त्या काळी दाराबाहेर उभी केली नसती. एप्रिल १९३६ मध्ये लखनौला प्रगतिशील लेखक संघाच्या पहिल्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले. जूनमध्ये ‘गोदान’ प्रसिद्ध झाले. ८ ऑक्टोबर १९३६ रोजी, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, बनारसला त्यांचे निधन झाले. मुंबई सोडल्यापासून दीड वर्षच काय ते मिळाले होते.

त्यांच्या कथांवर पुढे इतरांनी चित्रपट काढले. ‘सेवासदन’ १९३८ साली तमिळमध्ये आले आणि त्यात एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी काम केले. ‘गोदान’ १९६३ मध्ये पडद्यावर आले, ‘गबन’ १९६६ मध्ये. १९७७ मध्ये सत्यजित राय यांनी ‘शतरंज के खिलाडी’ केला, आणि त्याच वर्षी मृणाल सेन यांनी ‘कफन’वरून तेलुगूमध्ये ‘ओका उरी कथा’ काढला. ज्या ‘मिल’साठी प्रेमचंद स्वतः दादरला येऊन राहिले त्याची प्रत मात्र आज उपलब्ध नाही.